पायाचे माप

आपल्या मराठी भाषेने पायताणावर जेवढा राग काढला आहे, तेवढा दुसऱ्या कोणत्याच गरीब वस्तूवर काढला नसेल. पायातली वहाण पायातच बरी, असे आपण तिला बजावतो. कोणाचा पाणउतारा करायचा झाला तर त्याला खेटराशी तोलतो, आणि जोडे मारण्याची भाषा तर शाळकरी पोरांच्याही तोंडी असते. या साऱ्या रागारागात शहाणपणाची अशी एकच गोष्ट आपण बोलून गेलो, ती ही की, जोडा कुठे चावतो हे घालणाऱ्यालाच ठाऊक. पण गंमत पहा, हे शहाणपण आपण संसाराला लावतो, नोकरीला लावतो, सासुरवासाला लावतो. फक्त जोडा विकत घेताना लावत नाही. मेनरोडवरच्या दुकानात बाकावर बसलो की दुकानदार विचारतो, "नंबर किती?" आपण म्हणतो, "आठ." तो आठ नंबर काढतो, आपण दोन पावले टाकतो, आरशात पाहतो आणि पैसे मोजून देतो. पाय कोणी मोजला? कोणीच नाही.

हा आठ कोणाचा, तो कुठून आला, आणि तो येण्यापूर्वी आपल्याकडे पायाला जोडा कसा बेतत असत, याची थोडी हकीकत आज सांगायची आहे. ती सांगायला नाशिक हे ठिकाण फार सोयीचे. नाशिक हे मुळातच पायांनी गाठायचे गाव. कोणी गोदावरीच्या स्नानाला आले, कोणी श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला, कोणी देवळालीच्या छावणीत कवायतीला. फार काय, खुद्द प्रभू रामचंद्रांची कथाही इथे पायांशी येऊन ठेपते. भरत भेटीला आला, पादुका मस्तकी धरून घेऊन गेला. पादुका नंदिग्रामला गेल्या आणि पाय पंचवटीला आले. पुढे आपण पादुकांची पूजा बांधली; पण दंडकारण्याच्या काट्याकुट्यांत त्या पायांचे काय झाले याची फारशी विचारपूस केली नाही. माझ्या मते आपला स्वभाव इथेच दिसतो. वंदनाला पाय चालतात, मापाला चालत नाहीत. आणि पादुका किंवा खडावा यांना तसे माप नसतेच. अंगठा आणि शेजारचे बोट यांत खुंटी धरली की झाले. जी वस्तू कोणाच्याही पायात बसते, ती खरे म्हणजे कोणाच्याच पायात बसत नाही.

पायांची खरी विचारपूस कोणी केली हे पाहायचे तर नाशिकच्या दक्षिणेला त्रिरश्मी डोंगराकडे वळावे. लोक त्याला पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा तिथे काही संबंध नाही. ती बौद्ध भिक्षूंची लेणी, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची, सातवाहन आणि क्षहरात यांच्या काळातली. हे भिक्षू पावसाळ्याचे महिने सोडले तर सतत चालणारे लोक. त्यांचे आचाराचे नियम विनयपिटकात आहेत, आणि त्यातल्या महावग्ग या भागात एक सबंध प्रकरणच चामड्याविषयी आहे. धर्मग्रंथात वहाणांवर प्रकरण! आपल्याला हसू येईल, पण ते वाचण्यासारखे आहे.

त्यातली पहिली कथा सोण कोळिविस नावाच्या श्रीमंत घरच्या तरुणाची. इतका सुकुमार की त्याच्या तळपायांवर लव उगवली होती म्हणतात. ते पाय पाहायला राजा बिंबिसाराने त्याला मुद्दाम राजगृहाला बोलावले. पुढे हा सोण भिक्षू झाला आणि मोठ्या ईर्ष्येने येरझाऱ्या घालीत ध्यान करू लागला. ती येरझारीची वाट त्याच्या पायांच्या रक्ताने भरून गेली. बुद्धांनी ते पाहिले आणि त्याला वीणेची गोष्ट सांगितली. तारा फार ताणल्या तर वीणा वाजत नाही, फार सैल सोडल्या तरीही वाजत नाही. हा उपदेश आपण पुष्कळदा ऐकलेला असतो. त्याच्या पुढचा भाग मात्र सहसा कोणी सांगत नाही. बुद्धांनी त्याला एकपदरी वहाणा वापरण्याची परवानगी दिली. त्यावर सोणाने काय म्हणावे? मी एवढी संपत्ती सोडून आलो आणि आता वहाणांत अडकलो असे लोक म्हणतील. सर्व संघाला परवानगी असेल तरच मी घालीन. मग ती परवानगी सर्वांना मिळाली. मला या कथेत वीणेपेक्षा वहाण मोठी वाटते. रक्त पाहिल्यावर नुसता उपदेश करून बुद्ध थांबले नाहीत, पायात घालायला काहीतरी दिले.

दुसरी कथा आपल्या अधिक जवळची आहे. अवंती आणि दक्षिणापथ या बाजूला महाकच्चायन नावाचे थोर भिक्षू राहत. त्यांचा शिष्य सोण कुटिकण्ण बुद्धांच्या दर्शनाला निघाला तेव्हा गुरूंनी त्याच्याबरोबर काही मागण्या पाठविल्या. त्यांपैकी एक अशी की, आमच्याकडची जमीन वरून काळी आहे, खरखरीत आहे आणि गुरांच्या खुरांनी तुडवून खडबडीत झालेली आहे. तेव्हा आम्हाला अनेक पदरी वहाणा घालू द्याव्यात. वैशाखात ज्याने काळ्या रानातून पाय ओढले आहेत, त्याला हे वर्णन समजावून सांगावे लागणार नाही. पावसात चिखल, उन्हाळ्यात भेगा, आणि जनावर चिखलातून गेले की त्याच्या खुराची जी कड वाळून राहते ती दगडाहून वाईट. बुद्धांनी ती मागणी मान्य केली, आणि सरहद्दीकडच्या सर्व प्रदेशांना नियम सैल केला. गंगेकाठी एक पदर पुरे, इकडे अनेक पदर हवेत. जोडा बेतताना पायाइतकाच जमिनीचाही विचार करावा लागतो, हे इतक्या जुन्या काळी आणि इतक्या स्पष्टपणे मान्य झालेले आहे.

आता या वहाणा शिवणारे कोण? नाशिकच्या लेण्यांतल्या शिलालेखांत कारागिरांच्या श्रेणींची नावे येतात. नहपानाचा जावई उषवदात याने कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे मिळून तीन हजार कार्षापण ठेवले. त्यातल्या दोन हजारांच्या व्याजातून वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण मिळावेत, असा पक्का हिशेब दगडात कोरून ठेवलेला आहे. तेली आणि कुंभार यांचीही नावे तिथे भेटतात. चामड्याचे काम करणारा मात्र मला भेटला तो सातवाहनांच्याच मुलखात, पण दूर कृष्णेकाठी अमरावतीच्या स्तूपावर. त्याचे नाव विधिक. तो चर्मकार होता, नाग नावाच्या उपाध्यायाचा मुलगा. आई, बायको, भाऊ, मुले या सर्वांसह त्याने पूर्णकुंभ कोरलेली एक शिला स्तूपाला दान दिली आणि त्यावर आपले नाव आणि आपला धंदा, दोन्ही लिहविले. हे नाव लक्षात असू द्या.

मध्यंतरीची शतके मी भराभर ओलांडतो. गावगाड्यात चर्मकार हा बारा बलुतेदारांपैकी एक. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ साली निघालेल्या 'गांव-गाडा' या पुस्तकात या सगळ्या व्यवस्थेचे वर्णन आहे. मोट शिवावी, आसूड करावा, वहाणा कराव्यात आणि दुरुस्त कराव्यात, आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्य घ्यावे. या व्यवहारात एक गोष्ट आपोआप साधत होती. गावातल्या प्रत्येक पायाची त्या माणसाला ओळख असे. कोणाच्या अंगठ्याचे हाड बाहेर आले आहे, कोणाची टाच बाहेरच्या बाजूने झिजते, कोण नांगराच्या मागे चालतो आणि कोण पेढीवर बसतो, हे त्याला जुनी वहाण हातात घेतल्याबरोबर दिसे. झिजलेली वहाण म्हणजे पायाची कुंडलीच म्हणा ना! तळ कुठे पातळ झाला यावरून नवा जोड कुठे जाड ठेवायचा हे ठरे. पुढे शहरातही जोडा शिवायला टाकला की कारागीर कागदावर पाय ठेवायला सांगे, पेन्सिलीने कड ओढी आणि चवड्याभोवती दोरा गुंडाळून गाठ मारी. लांबी कागदावर, रुंदी आणि जाडी दोऱ्यावर.

कोल्हापुरी चप्पल हे या कसबाचे सर्वांत नावाजलेले उदाहरण. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले कातडे, वादीची शिवण, खिळ्याचे नाव नाही. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आहेत. नवी कोल्हापुरी पहिले काही दिवस चावते, हे खरे. पण झाडाच्या सालीत कमावलेले कातडे घामाने आणि वजनाने हळूहळू पायाचा आकार घेते, तळावर अंगठ्याचा आणि टाचेचा ठसा उमटतो, आणि मग ती चप्पल दुसऱ्याच्या पायात सुखाने बसत नाही. लग्नकार्यात देवळाबाहेर चपलांची अदलाबदल झाली की ते चार पावलांत कळते.

परंतु ज्याला साऱ्या गावाचे पाय ठाऊक, त्याला गावाने कुठे उभे केले? या प्रश्नाचे उत्तर नाशिकइतके ठळकपणे दुसरीकडे कुठे लिहिलेले नसेल. २ मार्च १९३० या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे पंचवटीतल्या काळाराम मंदिराकडे मिरवणुकीने गेली. दरवाजे बंद होते. दुसऱ्या दिवसापासून चारही दरवाजांवर सत्याग्रह सुरू झाला, आणि त्यातल्या एका दरवाजावरच्या तुकडीचे पुढारी होते पांडुरंग नथूजी राजभोज, चर्मकार समाजातले. हेच राजभोज पुढे १९५२ साली सोलापूरहून लोकसभेवर निवडून गेले. नाशिकचे दादासाहेब गायकवाड यांनी तो लढा पुढे वर्षानुवर्षे चालविला; दरवाजे काही उघडले नाहीत. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यात येवल्याला बाबासाहेबांनी, आपण हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. अमरावतीच्या स्तूपावर विधिकाचे नाव धंद्यासकट कोरले गेले होते. आणि इथे ज्या रामाच्या पादुकांचा एवढा गौरव, त्याच्याच मंदिरात पादुका करणाऱ्याला पाऊल टाकण्याची बंदी.

हे सांगण्याचे कारण आहे. ज्या कामाने पोट भरते पण मान जातो, ते काम मुलाने करावे असे कोणत्या बापाला वाटेल? पुष्कळांनी रापी आणि आरी खाली ठेवली, मुलांना शाळेत घातले, आणि फार चांगले केले. नुकसान झाले ते आपल्या पायांचे. माप घेण्याची विद्या आपण ज्यांच्या हाती ठेवली त्यांनाच हिणवले, आणि ते उठून गेल्यावर आपल्यापाशी राहिला नुसता नंबर.

तो नंबर आला विलायतेहून. त्याचे मूळ जवाच्या दाण्यात आहे. तीन दाणे लांबीने एकापुढे एक ठेवले की एक इंच, म्हणून एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा भाग. मुलांचा शून्य नंबर चार इंचांवर धरतात, तिथून तेरापर्यंत जातात, आणि मग मोठ्यांसाठी पुन्हा एकपासून मोजायला लागतात. म्हणजे आपला आठ नंबर हा खरे पाहता एकविसावा. चार इंच आणि वर एकवीस तृतीयांश, म्हणजे सात इंच, एकूण अकरा. बरे, हे अकरा इंच आपल्या पायाचे आहेत काय? मुळीच नाहीत. ते कारखान्यातल्या फर्म्याचे, म्हणजे ज्यावर जोडा चढवून शिवतात त्या पायाच्या आकाराच्या साच्याचे. युरोपातला बेचाळीस नंबरही तसाच. तिथे एक नंबर म्हणजे सेंटिमीटरचा दोन तृतीयांश, म्हणून बेचाळीस म्हणजे अठ्ठावीस सेंटिमीटरचा फर्मा. या दोन्ही पद्धतींत तो एकच आकडा फक्त लांबी सांगतो. पाय रुंद किती, चवडा उंच किती, याबद्दल त्याला काही म्हणायचे नसते.

आणि विलायतही या बाबतीत फार पूर्वीपासून शहाणी होती असे समजू नका. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत तिकडे पुष्कळसे जोडे डाव्या-उजव्याचा भेद न करता एकाच सरळ फर्म्यावर होत. शहाणपण शिकविले ते लष्कराने. अमेरिकेत एडवर्ड मन्सन नावाच्या लष्करी डॉक्टरने सुमारे दोन हजार शिपायांच्या पायांचा अभ्यास करून १९१२ साली एक पुस्तक लिहिले आणि बोटांना मोकळी जागा देणारा नवा फर्मा ठरविला. नियम असा झाला की बूट देताना शिपायाच्या पाठीवर चाळीस पौंडांचे ओझे द्यायचे आणि मग पाय मोजायचा. कारण ओझ्याखाली पाय पसरतो. देवळालीच्या छावणीतून किती पलटणी आल्या आणि गेल्या! तोफखान्याचे विद्यालय तर तिथेच आहे. सैन्य पोटावर चालते म्हणतात, पण नासक्या फोडांवर ते मैलभरही चालत नाही.

आपल्या नागरी बाजारात ही काळजी आली नाही, आकडे तेवढे आले. कानपूरला लष्करी बुटांचे मोठे कारखाने निघाले. १९३१ मध्ये बाटा कंपनीची हिंदुस्थानात स्थापना झाली, कलकत्त्याजवळ बाटानगर वसले, आणि तयार जोडा गावोगाव स्वस्त मिळू लागला. ही मोठीच सोय होती. अनवाणी पायाला नंबरचा जोडाही वरदानच. त्याच सुमारास अमेरिकेत चार्ल्स ब्रॅनॉक याने पाय मोजण्याची ती धातूची पट्टी तयार केली, जी जुन्या चांगल्या दुकानांतून पाहिलेली अनेकांना आठवत असेल. तिच्यावर लांबी आणि रुंदी तर कळतेच, शिवाय टाचेपासून अंगठ्याच्या मुळापर्यंतचे अंतरही कळते. हे तिसरे माप फार मोलाचे. जोडा जिथे वाकतो तिथेच पाय वाकला पाहिजे, नाहीतर लांबी बरोबर असूनही चाल बिघडते.

याच्या उलट एक मूर्खपणाही त्या काळात झाला, तो सांगितल्यावाचून राहवत नाही. जोड्यात पाय कसा बसला हे दाखविण्यासाठी अमेरिकेत आणि इंग्लंडात दुकानांतून चक्क क्ष-किरणांची यंत्रे ठेवली होती. मुलाने पेटीत पाय घालायचा आणि वरच्या भोकातून आपल्याच बोटांची हाडे हलताना पाहायची. पोरे खूष, आईबाप खूष, विक्री जोरात! पुढे किरणांचा धोका लक्षात आल्यावर १९५७ साली पेनसिल्व्हेनिया राज्याने त्यांवर बंदी घातली आणि हळूहळू ती यंत्रे अडगळीत गेली. कागद आणि दोरा यांनी कोणाचे काही बिघडविले नव्हते.

जोडा नीट न बसला तर होते तरी काय, असे कोणी विचारील. भोवरी होते, नख आत वाढते, अंगठ्याचे हाड वाकडे होते, गुडघा आणि कंबर दुखते. एवढ्यावर निभावले तर नशीब. पण ज्याच्या पायाला दुखणेच कळत नाही, त्याचे काय? डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि कुष्ठरोग्यांच्या हातापायांवर काम करू लागले. तोपर्यंत समज असा की या रोगात मांस आपोआप झडते. ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसले ते निराळेच. संवेदना गेलेली असते, म्हणून चावणारा जोडा, रुतलेला खिळा, एकाच जागी पडणारा दाब माणसाला कळत नाही. तो चालतच राहतो आणि जखम हाडापर्यंत जाते. उपाय काय, तर मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या तळाची, पायाबरहुकूम केलेली चप्पल. हीच ती एमसीआर चप्पल, जी पुढे कुष्ठरोगाच्या सरकारी कार्यक्रमातून रुग्णांना देण्यात आली. आज हाच धोका मधुमेहाच्या रूपाने घरोघर आला आहे. मधुमेहाने पायाची जाणीव मंदावली की जोडा कुठे चावतो हे घालणाऱ्यालाही ठाऊक नसते. आपली म्हण तिथे लंगडी पडते.

हे सारे लक्षात घेऊन चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातल्या ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांचे पाय यंत्राने मोजले. आढळले असे की आपले पाय युरोप-अमेरिकेतल्या पायांपेक्षा साधारणपणे रुंद असतात. मग आपण करतो काय? रुंदीसाठी एक नंबर मोठा घेतो. पुढे पोकळी राहते, टाच निसटते, आणि पुरुष ती उणीव नाडी करकचून भरून काढतात. मुलींच्या पायाची वाढ अकराव्या वर्षाच्या सुमारास शिगेला पोचते, मुलांची पंधराव्या-सोळाव्या वर्षी, हेही त्यात दिसले. यावरून भारतीय पायांसाठी 'भा' नावाची स्वतंत्र मापपद्धती सुचविण्यात आली. जव मोजून झाल्यावर कितीतरी शतकांनी आपण पाय मोजायला बसलो म्हणायचे!

तोवर आपण आपल्यापुरते एवढे करू शकतो. जोडा संध्याकाळी घ्यावा. दिवसभराच्या चालण्याने पाय थोडा सुजलेला असतो. माप बसून देऊ नये, उभे राहून द्यावे, आणि दोन्ही पायांचे द्यावे, कारण दोन पाय क्वचितच सारखे असतात. जो मोठा, त्याचे ऐकावे. अंगठ्यापुढे आडव्या अंगठ्याएवढी जागा हवी. दुकानदार म्हणेल, "वापरून सैल होईल हो." कातडे थोडे सैल होईल, रेक्झिन होणार नाही. मुलांना वाढत्या अंगाचा म्हणून दोन नंबर मोठा बूट घेऊ नये आणि जुना बूट टिकला आहे म्हणून आखूड झालेला वापरूही देऊ नये. ज्यांच्या पायाला मुंग्या येतात किंवा जाणीव कमी आहे, त्यांनी बसतो की नाही हे पायाला विचारूच नये. कागदावर उभे राहून कड काढून घ्यावी आणि जोडा त्यावर ठेवून पाहावा. रेघ तळाबाहेर दिसली तर जोडा अरुंद. जोडा घालण्यापूर्वी आत हात फिरवावा. कागदाची युक्ती कोणाची, हे वर आलेच आहे.

नाशिकच्या पायांविषयी आणखी दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. पहिली आनंदाची. हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत ही आदिवासी मुलगी लहानपणी त्या डोंगरवाटांवर अनवाणीच पळत असे. चांगले बूट पुढे मिळाले. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला कांस्यपदक, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक, आणि लोकांनी दिलेले नाव सावरपाडा एक्सप्रेस. अनवाणी पळून पाय मजबूत होतात, असे तिचे उदाहरण देऊन सांगणारे लोक भेटतात. होत असतीलही. पण ती अनवाणी पळाली ते आवडीने नव्हे, आणि पदकाच्या शर्यतीत ती बूट घालूनच उतरली.

दुसरी गोष्ट ६ मार्च २०१८ ची. त्या दिवशी नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकाच्या चौकातून किसान सभेचा मोर्चा मुंबईला निघाला. सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवण या भागांतले शेतकरी, त्यांत आदिवासी पुष्कळ आणि बायकाही पुष्कळ. वनजमीन नावावर व्हावी आणि कर्ज माफ व्हावे, या मुख्य मागण्या. सुमारे १८० किलोमीटरची वाट, मार्चचे ऊन, कसाऱ्याचा घाट आणि तापलेली डांबरी सडक. पायांत बहुतेकांच्या रबरी स्लिपरा किंवा प्लास्टिकची पायताणे. काहींच्या पायांत तेही नाही. रानातल्या पायवाटेला ती स्लिपर पुरते. ती सैल असते, माती मऊ असते, मधे झाडाची सावली असते. डांबरावर सहा दिवस सलग चालायला ती केलेलीच नव्हती. पट्टे तुटले, तळ झिजून आरपार झाले, आणि तळपायांची सालटी निघालेली ती छायाचित्रे देशभर छापली गेली. महाकच्चायनांनी ज्या जमिनीची तक्रार केली होती ती काळी होती. ही सडकही काळीच.

११ मार्चला मोर्चा मुंबईत शिरला. दुसऱ्या दिवशी दहावीची परीक्षा होती. मुलांना वाटेत अडचण नको म्हणून, दिवसभर चालून आलेले हे लोक शीवजवळच्या सोमय्या मैदानावर थोडे टेकले आणि त्याच पायांनी रात्री पुन्हा उठून पहाटेपर्यंत आझाद मैदानाला पोचले. मुंबईकर रस्त्यावर पाणी, पोहे, बिस्किटे घेऊन उभे होते. कित्येकांनी चपला आणल्या होत्या. १२ तारखेला सरकारने बहुतेक मागण्या लेखी मान्य केल्या, आणि परतीसाठी मुंबईहून भुसावळकडे खास गाड्या सोडण्यात आल्या.